दोन शनिवारांपुरता

व्हर्लन टूटनला ‘मड मिनोज’ बँडमध्ये घेतले ते दोन शनिवारांपुरते. त्यांचा ड्रमवाला हॉइट प्रिजन मामाच्या कोळंबीच्या बोटीवर फ्लोरिडाला निघाला होता. मामाचा हात मोडला होता आणि जाळी ओढायला माणूस हवा होता. व्हर्लन हॉइटपेक्षा बुटका, म्हणून जाण्यापूर्वी हॉइटने आपले स्टूल फिरवून दोन बोटे खाली करून दिले आणि बजावले, “गादीला भोक पाडू नकोस. मी आलोच.”

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तरच्या मे महिन्यातली. व्हर्लन तेव्हा ऐन विशीतला, पहाटे पावाची गाडी घेऊन किनाऱ्यावरच्या दुकानांत पाव पोचवणारा. पुढे त्याचे लग्न झाले, दोन मुली झाल्या, त्या शिकून मोठ्या शहरांत गेल्या, पावाच्या कंपनीने निवृत्तीचे घड्याळ दिले. तरी शनिवारी संध्याकाळी तो त्याच स्टुलावर बसत होता, आणि हॉइट अजून यायचाच होता.

मिनोजमध्ये कोणालाही ‘सोडून गेला’ म्हणत नसत. ‘बाहेर गेलाय’ म्हणत. ही रीत पडली ग्रेडीच्या आईमुळे. ग्रेडी म्हणजे सॅक्सोफोन वाजवणारा, बँडचा म्होरक्या. पहिल्या वर्षी सगळे त्याच्याच घराच्या गॅरेजमध्ये सराव करत. तेव्हा त्यांच्या ट्रम्पेटवाल्या पोराला व्हिएतनामच्या लढाईचे बोलावणे आले. कोणीतरी म्हणाले, “आता नवा ट्रम्पेटवाला बघायला हवा.” तशी ग्रेडीची आई हातातले सँडविचांचे ताट तसेच धरून उभी राहिली. “नवा बघा, पण हा गेला म्हणू नका. हा बाहेर गेलाय,” ती म्हणाली. दोन वर्षांनी तो पोरगा धडधाकट परत आला, गॅरेजात शिरला आणि खुर्ची ओढून वाजवायला बसला. कोणी काही विचारले नाही. त्या दिवसापासून तीच रीत.

मग माणसे बाहेर जात राहिली. एकजण दातांचा डॉक्टर व्हायला बाहेर गेला, एकजण धर्मोपदेशक व्हायला. एका सॅक्सोफोनवाल्याने आणि एका सॅक्सोफोनवालीने एकमेकांशी लग्न केले आणि दोघे मिळून टेनेसीला बाहेर गेले. काही परत आले, काही तीनदा परत आले. आमच्या शेल नेक गावात कुठल्याही दुकानात शिरावे, तर गल्ल्यामागचा माणूस कधी ना कधी मिनोजमध्ये वाजवून गेलेला असायचाच. नाव मात्र तेच राहिले. मड मिनो म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटभर मासा. मोठा मासा धरायचा तर गळाला तो लावतात. ग्रेडी म्हणायचा, “आपण आमिष आहोत. लोकांचे पाय गळाला लागले पाहिजेत, बाकी काही नाही.”

आणि लागत. समुद्राकडेला लाकडी खांबांवर उभे असलेले नाचाचे जुने पॅव्हिलियन शनिवारी गच्च भरायचे. गिटारीचा दणका, मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोनची रांग, आणि पुढे रॉस्को व्हॅन. त्याचा गळा चर्चच्या गाण्यात तयार झालेला. तो एक ओळ ताणून धरायचा तेव्हा मागच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलणाऱ्या बायकांचे हात तसेच थांबायचे.

रॉस्कोवरून बँडची दुसरी रीत पडली. सुरुवातीच्या काळात, व्हर्लन यायच्या आधी, कुठल्याशा क्लबच्या मालकाने सांगितले होते की बाकीच्यांनी पुढच्या दाराने यावे, पण काळ्या गायकाने स्वयंपाकघराच्या दाराने. रॉस्को स्वयंपाकघराकडे वळला. वळून बघतो तर मागे ग्रेडी, त्याच्यामागे गिटारवाला, त्याच्यामागे ट्रम्पेटवाला, सगळी वरात तळणीच्या कढयांमधून चाललेली. तो क्लब पुढे बंद पडला. मिनोज मात्र त्यानंतर कधीही, कुठल्याही जागी पुढच्या दाराने आत गेले नाहीत. गव्हर्नरसाहेबांच्या मेजवानीतही ते स्वयंपाकघरातल्या ओट्याला वळसा घालून मंचावर गेले. तेवढ्यात कोळंबीची एक बशीही रिकामी झाली.

व्हर्लनला हे सगळे आवडायचे. ग्रेडी माइकवरून एकेकाची ओळख करून द्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “आणि ड्रमवर, हॉइट येईपर्यंत, व्हर्लन टूटन!” मग अख्खे पॅव्हिलियन ओरडायचे, “हॉइट कुठेय?” व्हर्लन झांजेवर एक टोला द्यायचा, आणि गाणे सुरू. ज्यांनी हॉइटला कधी पाहिले नव्हते ती पोरेही ओरडायची. पुढे त्या पोरांची पोरे ओरडू लागली.

लुरीन त्याला भेटली ती त्याच पहिल्या उन्हाळ्यात. कापडाच्या दुकानात कामाला असलेली उंच, सडसडीत मुलगी. आमच्या किनाऱ्यावरचा नाच म्हणजे शॅग. कमरेच्या वरचे अंग अगदी स्वस्थ, चेहरा तर इतका निर्विकार की जणू बसची वाट बघताहेत, आणि सगळी करामत गुडघ्यांखाली, फळ्यांवरच्या वाळूत पाय सरकवत. एक हात जोडीदाराच्या हातात, बस. पुरुषाचा डावा पाय तेव्हा बाईचा उजवा, आणि फिरवायचे ते पुरुषाने. लुरीन नाचू लागली की आजूबाजूला जागा मोकळी व्हायची. मध्यंतरात ती सरळ मंचापाशी आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

“ए ड्रमवाल्या, तुझा ठोका उशिरा येतो. माझं पाऊल आधी पोचतं.”

“मुद्दाम मागे ठेवतो मी. त्याशिवाय गाण्याला झोका येत नाही.”

“खाली ये आणि एकदा नाचून दाखव, म्हणजे कळेल कोण मागे आहे ते.”

“मी खाली आलो तर ड्रम कोण वाजवणार?”

आजूबाजूचे सगळे हसले. लुरीनही हसली. त्या एका उत्तरावर व्हर्लनने पुढची सगळी वर्षे निभावून नेली. लग्नानंतरही, दर शनिवारी शेवटच्या गाण्याआधी ती मंचाखालून बोटाने खूण करायची, ‘येतोस?’ आणि तो ड्रमच्या काड्या वर करून दाखवायचा, ‘कोण वाजवणार?’ शेवटचे गाणे नेहमी तेच असायचे, मध्यम लयीचे, आणि ते तिचे सगळ्यात आवडते होते.

खरी गोष्ट आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असे व्हर्लनला वाटायचे. त्याला नाचता येत नव्हते.

शेल नेकमध्ये हे म्हणजे कोळ्याच्या मुलाला पोहता न येण्यासारखे होते. इथली पोरे चालायला लागली की फ्रिजची मूठ धरून शॅगची पावले गिरवतात. पण व्हर्लनची आई फार कडक धर्ममंडळातली. तिथे देवासाठी ढोल-डफ कितीही बडवा, पण नाचाला पाय उचलला की सैतान धावत आला. व्हर्लन आठव्या वर्षी प्रार्थनेत ड्रम वाजवू लागला आणि पाय मात्र अडाणीच राहिले. बसलेला असला की चारही हातपाय चार वेगळी कामे करायचे. उभा राहिला की पायांना कोणीतरी भलत्याच माणसाचे बूट घातलेत असे वाटायचे. एकदा घरी कोणी नसताना त्याने फ्रिजची मूठ धरून प्रयत्न करून पाहिला होता. मूठ निखळून हातात आली. लुरीनला त्याने सांगितले की दरवाजा अडकला होता.

आणि लुरीन? ती काही हातावर हात ठेवून बसायची नाही. मिनोजच्या बायकांचे एक ठरलेले टेबल होते, खांबालगतचे. नवरे मंचावर, म्हणून या आपापसातच नाचायच्या. लुरीन सगळ्यांत उंच, त्यामुळे ट्रम्पेटवाल्याची बायको, गिटारवाल्याची बायको, नवी लग्न होऊन आलेली कोणी भेदरलेली पोरगी, सगळ्या तिलाच ओढून न्यायच्या. व्हर्लन झांजेआडून बघायचा. त्याला बरे वाटायचे, आणि बरे वाटतेय याची लाजही वाटायची.

असे चालले होते. मग बँडला पन्नास वर्षे झाली.

ग्रेडीने ठरवले की जेवढे कोणी बाहेर गेलेत त्या सगळ्यांना एका शनिवारी बोलवायचे. म्हातारी मंडळी येणार, म्हणून कार्यक्रम भर दुपारी ठेवला. फोन सुरू झाले. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी व्हर्लन आणि लुरीन स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा फोन वाजला. लुरीनने उचलला. खूप वेळ ती नुसतीच “अय्या”, “खरंच?” करत होती. ठेवला तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता.

“हॉइट येतोय,” ती म्हणाली.

व्हर्लनच्या हातातली शेंग खाली पडली. “कोण हॉइट?”

“कोण हॉइट म्हणजे? ज्याचं स्टूल तू बूड लावून बळकावलंयस तो. ग्रेडीला कुठून तरी नंबर मिळाला. फ्लोरिडात स्वतःच्या बोटी आहेत म्हणे त्याच्या. म्हणाला, माझी जागा ठेवलीय ना, मग येतो.”

“त्याला अजून वाजवता येतं का?”

“रोज बोटीवर बादल्या बडवतो म्हणे. शेवटचं गाणं तोच वाजवणार, ग्रेडीनं ठरवूनसुद्धा टाकलं.” तिने सोललेल्या दाण्यांचे भांडे बाजूला सारले आणि टेबलावर दोन्ही कोपरे टेकले. “मग व्हर्लन टूटन, आता ड्रम कोण वाजवणार?”

व्हर्लनने शेंग उचलली. ती सोललेलीच होती.

“माझा गुडघा...” तो म्हणाला.

“तुझे दोन्ही गुडघे पंचविशीतल्या पोराचे आहेत, डॉक्टरच म्हणाला. मला एक नाच हवाय. एकच. आयुष्यभर तुझ्या ठोक्यावर दुसऱ्यांबरोबर नाचले. एकदा तुझ्याबरोबर नाचायचंय. नाही म्हणालास तर...” ती थांबली. धमकी काय द्यावी हे तिला सुचेना, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. व्हर्लनला ती धमकी पुरली.

“येईन,” तो म्हणाला. “नक्की.”

दुसऱ्याच दिवशी तो रॉस्कोकडे गेला. रॉस्को तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बँडमधून बाहेर गेला होता, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे गेला होता. तिथे त्याचे केस कापायचे दुकान होते. अधूनमधून तो शनिवारी येऊन दोन गाणी म्हणून जायचा. दुकानात एकटाच होता. व्हर्लनने दार लावून घेतले, पाटी ‘बंद’कडे उलटवली आणि सगळे सांगून टाकले.

रॉस्कोने हातातला वस्तरा खाली ठेवला. मग खुर्चीत बसला आणि पोट धरून हसू लागला. हसता हसता त्याच्या गळ्यातून एक सूर निघाला, तोही सुरातच.

“म्हणजे लेका, आख्ख्या किनाऱ्याला तू नाचवलंस, आणि तुला—”

“हळू बोल!”

“अरे, मी पुढे उभा राहून गायचो तेव्हा मला वाटायचं, हा मागे काय थाटात बसलाय! थाट कसला, लपून बसला होतास तू!”

“शिकवशील की नाही?”

“शिकवतो. सोमवारी दुकान बंद असतं. पडदे ओढून घेऊ. पण एक अडचण आहे. मी जन्मात कधी बाईचं पाऊल टाकलेलं नाही. मला पुरुषाचंच येतं, आणि मागे सरकायला माझी पाठ ऐकत नाही. तेव्हा तू बाई हो. लय पायात बसली की शेवटच्या सोमवारी उलटं करू.”

“म्हणजे डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं.”

“एवढंच. ड्रमवाल्याला त्यात काय!”

मग प्रत्येक सोमवारी, पडदे ओढलेल्या दुकानात, दोन म्हातारे हातात हात घेऊन आरशांसमोर पाय सरकवू लागले. फरशीवर वाळू नव्हती म्हणून रॉस्कोने दाढीची पावडर शिंपली. तो हळू आवाजात गायचा आणि मधेच ओरडायचा, “खांदे नको हलवू! वर तू झोपलेला आहेस. खाली जागा आहेस.” पहिले दोन सोमवार भयंकर गेले. तिसऱ्या सोमवारी व्हर्लनच्या ध्यानात आले की उजव्या पायाचे पेडल दाबताना जे होते तेच इथे होतेय, फक्त स्टुलाशिवाय. त्यानंतर पाय आपोआप सरकू लागला. रॉस्कोने हात वर करून त्याला खालून गोल फिरवले आणि तो फिरून बरोबर ठोक्यावर परत आला.

“अगं बाई!” रॉस्को म्हणाला. “चांगली नाचतेस की!”

तेवढ्यात कोणीतरी काचेवर टकटक केले. पडद्याच्या फटीतून टपालखात्यातल्या मिस ऑगस्टाचा डोळा दिसला. दोघे होते तसे थिजले, हात हातात.

“मान लचकलीय त्याची!” रॉस्को दाराच्या फटीतून ओरडला. “ओढून बघतोय!”

“मान ओढायला हातात हात घेतात होय?” मिस ऑगस्टा म्हणाली आणि निघून गेली. पण तिने कोणाला सांगितले नाही. तीही बत्तीस वर्षांपूर्वी मिनोजमध्ये ऑर्गन वाजवायची.

शेवटच्या सोमवारी उलटे करायचे होते. पण त्याच सोमवारी बाहेर गेलेली माणसे आत यायला लागली. टेनेसीचे सॅक्सोफोनवाले जोडपे आले, दातांचा डॉक्टर आला, टक्कल पडलेले तिघे गिटारवाले आले. गावात शिरल्या शिरल्या सगळ्यांना एकच गोष्ट सुचली. रॉस्कोकडून केस कापून घ्यायचे, कारण पूर्वीही मंचावर जाण्याआधी तोच कापायचा. दुकान सोमवार असून उघडावे लागले. व्हर्लन दारात उभा राहून बघत होता. टकल्यांचीसुद्धा रांग होती. रॉस्कोने गर्दीतून त्याच्याकडे बघून खांदे उडवले आणि हवेत दोन बोटांनी उलटसुलट खूण केली, ‘डाव्याचं उजवं.’

व्हर्लन घरी येऊन न्हाणीघरात कडी लावून उभा राहिला. डाव्याचे उजवे. दोन पावले टाकताच तो बादलीत गेला.

“काय झालं?” लुरीनने बाहेरून विचारले.

“दरवाजा अडकलाय,” व्हर्लन म्हणाला.

शनिवारी पॅव्हिलियनच्या स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवले होते आणि मंडळी आत यायला लागली. येतच राहिली. आचारी बायका हातात झारे घेऊन भिंतीला चिकटून उभ्या होत्या, कारण पुढच्या माणसाने मंच गाठला तरी शेपूट अजून बाहेर गाड्यांच्या तळावर होते. तळलेला फ्लाउंडर मासा आणि मक्याच्या पिठाचे गोळे जाताजाता नाहीसे होत होते. “एकेक घ्या रे!” मुख्य आचारीण ओरडत होती. “घोडा झालास तरी तुझी सवय गेली नाही, वेन्डेल! तेव्हाही तू खिशात भरायचास!” रॉस्को सगळ्यांच्या पुढे होता. मंचावर पाय ठेवण्याआधी त्याने थांबून स्वयंपाकघराच्या चौकटीवर दोनदा हात मारला. मागच्या प्रत्येकाने तसेच केले.

हॉइट प्रिजन सगळ्यांत शेवटी आला. पांढरी दाढी, तांबूस चेहरा, होडीसारखे पोट. तो सरळ ड्रमपाशी गेला आणि स्टुलाकडे बघत उभा राहिला. गादीवर चिकटपट्टीचे इतके थर चढले होते की मूळ कापड दिसत नव्हते.

“मी तुला एकच गोष्ट सांगितली होती,” तो म्हणाला.

“तू दोन शनिवार म्हणाला होतास,” व्हर्लन म्हणाला.

“जाळ्यात कोळंबी चांगली लागत होती.” हॉइटने त्याला मिठी मारली. मग वाकून स्टूल फिरवून दोन बोटे वर घेतले आणि विचारले, “तुझं काय चाललंय? तू का घाबरलायस? वाजवणार तर मी आहे.”

दुपारभर त्या उंच केलेल्या स्टुलावर बसून व्हर्लननेच वाजवले. त्याने कधी इतके चांगले वाजवले नव्हते, कारण एकेक गाणे संपत होते आणि त्याला वाटत होते की हे लांबावे. समुद्रावरचे ऊन तिरपे झाले. फळ्यांवरची वाळू लोकांच्या पायांनी कडेला सरकली होती. लुरीन खांबालगतच्या टेबलाशी होती, निळा पोशाख, सपाट बूट. तिने आज खूण केली नाही. नुसती बघत होती.

ग्रेडीने माइक हातात घेतला.

“शेवटचं गाणं. आणि ड्रमवर...” त्याने मागे वळून पाहिले, “ड्रमवर, व्हर्लन येईपर्यंत, हॉइट प्रिजन!”

मग एकाला सुचले आणि अख्खा जमाव ओरडला, “व्हर्लन कुठेय?”

व्हर्लन मंचाच्या पायरीवर होता. तीन पायऱ्या. खाली आला तर लोक बाजूला झाले आणि मधे रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेत लुरीन. हॉइटने ठोका धरला. बादल्यांवरचा असला तरी चांगला होता, थोडा मागे ठेवलेला. व्हर्लनने तिचा हात धरला. डाव्याचे उजवे, तो मनाशी म्हणाला, आणि पाय टाकला.

तिच्या बुटावर.

“माफ कर.” पुन्हा. आता गुडघ्याला गुडघा लागला. त्याच्या कानांतून वाफ निघू लागली. पण मग त्याच्या लक्षात आले की चुका एकटा तोच करत नाहीये. लुरीन, जिच्यासाठी लोक जागा मोकळी करत, तीही अडखळत होती. ती भलतीकडेच जात होती, मधेच थांबत होती, ओठ चावून खाली पायांकडे बघत होती. मंचावरून सगळे मिनोज बघत होते आणि वाजवत होते. रॉस्को गाता गाता डोळे वटारून दोन बोटे उलटसुलट करत होता.

व्हर्लन थांबला. फळ्यांच्या मधोमध, गाणे चालू असताना.

“लुरीन,” तो म्हणाला, “मला नाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. आता रॉस्कोनं शिकवलंय, पण त्यानं मला बाईचं शिकवलं. मला फक्त बाईचंच येतं.”

लुरीनने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांमधून फुटलेच. ती इतकी हसली की तिला त्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

“अरे वेड्या,” ती म्हणाली, “मग आपण दोघं काय करत होतो इतका वेळ? मी आयुष्यभर त्या टेबलावरच्या बायकांना नाचवतेय. मी उंच, म्हणून पुरुष मीच. बाईचं पाऊल विसरून मला जमाना झाला! आठवडाभर चोरून सराव करत होते मी, तुझ्यासाठी. फ्रिजची मूठ धरून.”

“निघाली का?”

“निघाली.”

तिने डोळे पुसले. “आणि नाचता येत नाही हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. नवरा-नवरीचा नाच टाळायला केक कापत इतका वेळ कोण लावतं?”

“मग दर शनिवारी विचारायचीस कशाला?”

“वाटायचं, कधीतरी खरं बोलशील,” लुरीन म्हणाली. “दे तो हात. उजवा पाय मागे.”

उजवा पाय तर त्याला येतच होता. तिने हात किंचित ओढला आणि तो सरकला, सोडला आणि तो परत आला. खांदे स्वस्थ, वर झोपलेला, खाली जागा. तिने हात उचलला तसा तो वाकून खालून गोल फिरला, थेट ठोक्यावर येऊन पोचला, आणि खांबालगतच्या टेबलावरून मिनोजच्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या, कारण ते वळण त्यांच्या ओळखीचे होते. प्रत्येकीला लुरीनने तसेच फिरवले होते. रॉस्कोने शेवटची ओळ ताणून धरली आणि ती संपूच दिली नाही. ग्रेडीला कळले, त्याने हात फिरवून खूण केली, सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मग इतर लोकही नाचायला उतरले, आणि त्या दोघांच्या आजूबाजूची जागा भरून गेली.

“ठोका मागे आहे का गं?” व्हर्लनने वळता वळता विचारले.

“आहे. बरोबर आहे. आता कळलं मला.”

गाणे दुसऱ्यांदा संपले तेव्हा हॉइट घामाने निथळत होता. त्याने काड्या टाकल्या आणि ग्रेडीच्या कानात काहीतरी सांगितले. लोक ‘अजून एक, अजून एक’ करत होते. ग्रेडी माइकवर आला.

“व्हर्लन, ये बाबा वर. हॉइटचे हात गेले म्हणतो. अजून एक वाजवू.”

व्हर्लनने सवयीने मंचाकडे पाऊल टाकले. पण हात धरलेला होता.

“तो बाहेर गेलाय!” लुरीनने खालून ओरडून सांगितले.

“कधी येणार?” ग्रेडीने विचारले.

लुरीनने व्हर्लनचा हात उचलला आणि त्याला सावकाश एकदा गोल फिरवले, गाणे नसतानाच.

“दोन शनिवारांत,” ती म्हणाली.

हॉइटने एक शिवी हासडली, काड्या उचलल्या आणि चिकटपट्टीच्या गादीवर पुन्हा बसला.